दोन धावांमधला दफेदार

दफेदारानं माझी नोकरी घालवली, असं मी पस्तीस वर्षं सांगत आलो. शहागंजातल्या माझ्या दुकानात ताडपत्री किंवा दोरखंड घ्यायला आलेलं गिऱ्हाईक जरा रेंगाळलं, की मी ही हकीकत काढायचो. माझा स्वभाव तापट आहे, त्यामुळे सांगता सांगता आवाज चढायचा आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, हा आपल्यावरच चिडलाय. ते बिचारं घाईघाईनं सौदा पुरा करून निघून जायचं. दफेदाराचा मला एवढा फायदा मात्र झाला.

त्याचं खरं नाव गफूरमियाँ. निजामाच्या घोडदळात तो दफेदार होता, म्हणजे दहा-वीस स्वारांवरचा माणूस. कोवळ्या घोड्यांना शिकवून तयार करणं हे त्याचं काम. पोलीस ॲक्शननंतर ती फौज मोडली, घोडे लिलावात गेले आणि दफेदार घरी आला. हुद्दा गेला, पण नाव तेवढं लोकांच्या तोंडी राहिलं.

मी लासूर स्टेशनजवळच्या एका वस्तीवरून शहरात आलो होतो. वय विशीच्या आसपास, अंगात मस्ती, आणि दिवसभर अडतीवर पोती वाहायची. पळायला मात्र मी पहिल्यापासून जोरात. एकदा एका टांगेवाल्यानं मला डिवचलं म्हणून मी त्याच्याशी पैज लावली आणि गुलमंडीपासून शहागंजापर्यंत टांग्याच्या बरोबरीनं धावलो. शेवटच्या वळणावर मी टांगा मागं टाकला. लोकांनी टाळ्या पिटल्या. टांग्यात एक उंच माणूस बसला होता, हाच दफेदार. तो खाली उतरून माझ्यासमोर उभा राहिला. त्याची नजर माझ्या तोंडाकडं नव्हती. तो माझं पोट बघत होता. मी गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत होतो आणि हा बाबा, गुरांच्या बाजारात म्हैस पारखावी तसा, मान तिरपी करून बघतोय.

"काय बघतो रं?" मी म्हणालो.

"दौड अच्छी है," तो शांतपणे म्हणाला. "सांस बेकार है. कल फजर के बाद छावनी के मैदान पे आ."

"कशापायी?"

"सांस सिखाता."

"आन् घेनार काय?"

"कुछ नहीं."

मला तिथंच संशय आला. बाजारात दोन वर्षं काढलेल्या माणसाला हे पक्कं कळतं की जो काही मागत नाही, तो काहीतरी न विचारता घेणार असतो. पण त्या साली एका सरकारी खात्यात धावपटू म्हणून एक जागा भरायची होती, थंडी सरली की शर्यती व्हायच्या, जिंकणाऱ्याला ती नोकरी. पाठीवरचं पोतं कायमचं उतरवायचा तेवढाच रस्ता मला दिसत होता. मी गेलो.

मैदानावर आणखी एक जण होता. हबीब. दफेदाराच्याच गल्लीतला, माझ्याच वयाचा, काटक. दोघांना तो शंभर-शंभर पावलांच्या धावा द्यायचा, एका पहाटेला आठ. आठ धावा म्हणजे काय, मला वाटलं, उजाडायच्या आत उरकतील. पण धाव संपली की खरं काम सुरू व्हायचं. बसायचं नाही. वाकायचं नाही. गुडघ्यावर हात टेकायचे नाहीत. दफेदार शेजारून चालायचा, एक हात असा अधांतरी धरून, जणू त्या हातात अजून लगाम आहे. चालत चालत परत सुरुवातीच्या जागी यायचं, नाकानं श्वास घ्यायचा. मध्येच तो बोटांची मागची बाजू आमच्या कानामागं लावून बघायचा. घोड्याचा दम असा बघतात म्हणे. मग पुढची धाव. दफेदाराच्या पायांना किंचित बाक, गुडघ्यावर रफू केलेली घोडेस्वाराची खाकी ब्रीचेस, पण मिशा अशा विंचरलेल्या की अजून कोणीतरी त्याची तपासणी करायला येणार आहे.

"दौडना सब को आता मियाँ," तो म्हणायचा, "दो दौडों के बीच में चलना किस को आता?"

हे वाक्य मी दिवसातून चारदा ऐकलं असेल. शाबास असं मात्र एकदाही नाही. खूश झाला की नाकातून नुसतं 'हूँ' निघायचं.

विश्रांती मोजायला त्याच्याकडं घड्याळ नव्हतं. जपमाळेचे मणी होते. एका चालीनं मणी ओढायचा, तोंडानं हळू आकडा म्हणायचा, ठरलेला आकडा आला की "चल". मला मोजायची खोड लहानपणापासून. चौथ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं. हबीबला चाळीस मणी आणि मला साठ.

माझं डोकं फिरलं. म्हणजे हबीबकडून कसून काम करून घ्यायचं आणि मला आरामात ठेवायचं! माल तोच, पण एकाला पक्का करायचा आणि दुसरा कच्चा ठेवायचा, ही चाल मला नवीन नव्हती.

"मलाबी चाळीसच," मी म्हणालो.

"साठ."

"त्याला चाळीस कामून?"

"उस का दम चालीस में आता. तेरा साठ में आता."

"पन्नास करा."

दफेदार थांबला. "ये शागंज है क्या?"

"पंचावन. तुमचं नाय, माजं नाय."

हबीब हसत हसत खाली बसला, आणि बसला म्हणून त्याला बोलणी बसली. मला साठच राहिले. आज लिहिताना सांगतो, चाळीस मण्यांत माझी सहावी धाव पहिल्यासारखी आली नसती, हे मला आतून कळत होतं. पण कळणं आणि कबूल करणं यात फार अंतर असतं, आणि आम्हा व्यापारी माणसांचं पोट त्या अंतरावरच चालतं.

मग पाण्याची गोष्ट. तो दोन सुरया आणायचा. दोन्हींत गूळ-मीठ घातलेलं पाणी. दर दुसऱ्या धावेनंतर तीन घोट, त्यावर एक थेंब नाही. एक सुरई हबीबची, एक माझी. पाणी सारखंच असेल तर दोन भांडी कशाला? हबीबच्या पाण्यात काहीतरी जडीबुटी आहे, याबद्दल माझी खात्री पटली. घोड्यांना ताकदीचं काय काय देतात, हे तर त्यालाच ठाऊक. एका पहाटे तो पाठमोरा असताना मी हबीबची सुरई उचलली आणि घटाघट प्यायलो.

दफेदार वळला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"ये क्या किया तूने!"

"का? घावलं ना?" मी ओरडलो. "काय घातलंय यात?"

"मेरे घर का पानी है वो," तो म्हणाला. त्यानं आजूबाजूला बघितलं, कोणी पाहिलं तर नाही ना अशा नजरेनं. मग हळू आवाजात, "तेरा अलग लाता मैं. नाके के हॉटेल से, पंडत के हाथ का भरा हुआ. कल को तेरी बस्ती में कोई बोला तो?"

नाक्यावरचं हॉटेल एका ब्राह्मणाचं होतं. अंधारात तिथं जाऊन, पंडताला उठवून, हा माणूस रोज माझ्यासाठी वेगळी सुरई भरून आणत होता. माझं तोंड बंद व्हायला पाहिजे होतं. पण मी काय म्हणालो असेन? "मंग आधी सांगायचं ना." यापुढं एकाच सुरईत आणा, एवढं मात्र मी म्हणालो, आणि त्यानं आणलंही. तरी मनात किडा राहिलाच. एवढं कोण कोणासाठी करतं?

तो किडा मला पुढं घेऊन गेला. दर मंगळवारी मैदानावरून दफेदार घरी न जाता स्टेशनच्या दिशेनं जायचा, काखेत एक गाठोडं. कुठं जातो विचारलं तर "काम है". त्या काळात जुन्या फौजेतला माणूस गाठोडं घेऊन कुठं जातो, हा प्रश्न साधा नव्हता. सगळं शहर एकमेकांकडं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होतं. मी नाक्यावरच्या हॉटेलात चहा पिताना मोठ्यानं विचारलं, "काय हो पंडत, हा दफेदार मंगळवारी गाठोडं बांधून कुनाकडं जातो?" हॉटेलात दहा-बारा माणसं होती. पंडतानं कप विसळता विसळता खांदे उडवले.

पुढच्या मंगळवारी मी त्याच्या मागं गेलो. स्टेशनजवळ टांग्यांचा तबेला होता. दफेदार आत शिरला. मी भिंतीच्या फटीतून बघितलं. गाठोड्यात लसूणघास होता. एक म्हातारा, पाठ खोलगट झालेला घोडा त्याच्या हातून खात होता आणि हा त्याच्या मानेवर कपाळ टेकून काहीतरी पुटपुटत होता. लिलावात टांगेवाल्यानं घेतलेला, त्याच्या रिसाल्यातला घोडा. निघताना टांगेवाल्यानं त्याला एक घडी घातलेला कागद दिला.

घोडा मी विसरलो, कागद लक्षात ठेवला. हॉटेलात तेही बोललो. "कागद कसला आसंल वो?" एवढंच. मी काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं.

आठवड्याभरानं साध्या कपड्यांतली दोन माणसं आली आणि दफेदाराला घेऊन गेली. दोन दिवसांनी तो सुटला. तिसऱ्या पहाटे मैदानावर हजर. मिशा विंचरलेल्या, ब्रीचेसला इस्त्री. कागद कसला होता, ते हबीबकडून कळलं. घोड्याच्या खुराला लावायच्या मलमाची यादी, हकिमाकडून लिहून आणलेली. दफेदार मला एक शब्द बोलला नाही. बदल एवढाच झाला, की त्या दिवसापासून तो मण्यांचा आकडा तोंडानं म्हणेनासा झाला. ओठ मिटलेले आणि बोटं चालू. मला वाटलं, आता हा माझ्यापासून आकडा लपवतोय. म्हणजे हबीबला तीस केले असणार.

शर्यतीच्या दिवशी दोनशे वीस यार्डांच्या तीन फेऱ्या होत्या, एकाच सकाळी. पहिलीत मी पहिला, हबीब दुसरा. दुसऱ्या फेरीत आम्ही वेगवेगळ्या गटांत, दोघंही पहिले. मधल्या वेळात दफेदार आम्हाला चालवत होता, तीन-तीन घोट देत होता. दुसरी फेरी मी आसपास कोणी नसताना उगाच जीव तोडून पळालो होतो. लोक ओरडत होते ना! त्यामुळे पायांत थरथर होती. तेवढ्यात शिट्टीवाल्या साहेबांनी अंतिम फेरीची हाक दिली. त्यांना ऊन व्हायच्या आत जेवायला जायचं होतं.

आम्ही सहा जण रेषेवर उभे राहिलो, आणि दफेदार मैदानात घुसला.

"साब, ये लकीर टेढी है."

साहेब म्हणाले, "कौन है ये आदमी?"

"बाहर वाले को दो कदम जादा पडता साब. नापो." आणि स्वतःच फक्कीच्या रेषेवरून पावलं टाकत मोजायला लागला. सावकाश. एक, दो, तीन. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला, आकडा विसरलो म्हणाला, पुन्हा सुरू केलं. लोक हसायला लागले. साहेब लाल झाले. ज्या माणसानं कधी आवाज चढवला नव्हता, तो चारचौघांत भांडत होता, तेही आठवड्यापूर्वी चौकशीतून सुटून आलेला असताना. मला कळेना. मग मी हबीबकडं बघितलं. तो पोट धरून वाकला होता. झालं, मला सगळं कळलं! हबीबच्या पोटात कळ आलीय आणि हा त्याच्यासाठी वेळ काढतोय.

"साहेब!" मी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडलो. "हा हबीबसाठी येळ काढतोय! गल्लीतला हाये त्याच्या! हाकला याला आन् करा सुरू!"

दफेदार मोजता मोजता थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं, म्हणजे माझ्या पोटाकडं बघितलं. दोन शिपायांनी त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर काढलं. साहेबांनी लगेच शिट्टी वाजवली.

दीडशे यार्डांपर्यंत मी पुढं होतो. मग कोणीतरी मांड्यांत वाळू भरल्यासारखं झालं. पाय उचलत होतो, पण पडत होते तिथंच. हबीब उजवीकडून गेला. आणखी एक जण गेला. मी तिसरा आलो.

जागा एकच होती. हबीब सरकारी नोकरीत लागला, मी पोत्यांकडं परत गेलो. पुढं त्याच पोत्यांतून मी दुकान काढलं, पुंडलिकनगरात घर बांधलं, आणि हे सगळं कोणाच्याही मेहेरबानीशिवाय केलं. पण बाजारात पाठीवर ओझं घेऊन चाललेला माणूस दिसला, की मला फक्कीची ती रेषा दिसायची आणि तिच्यावरून सावकाश पावलं टाकणारा दफेदार. त्या दिवसानंतर मी मैदानावर गेलो नाही. रस्त्यात तो समोरून आला तर गल्ली बदलायचो.

पस्तीसेक वर्षांनी हबीब निवृत्त झाला आणि एक दिवस दुकानात आला. पोट सुटलेलं, दाढी पांढरी. चहा झाला. मी नेहमीच्या चालीवर दफेदाराची कागाळी सुरू केली. हबीब ऐकत राहिला आणि मग कप खाली ठेवून म्हणाला, "तू अजून तेच धरून बसलास काय रे?"

"का? खोटंय का?"

"उस्तादनं मला पैलंच सांगितलं हुतं," हबीब म्हणाला. "बोले, हबीब, तेरा दम आ गया, उस का नहीं आया. मैं लकीर पे झगडा करता, तू चुप रहना. तुम दोनो भरे दम से दौडो, फिर जो जीते सो जीते."

"मंग तू पोट धरून का वाकला हुतास?"

"रागानं! माझ्याच उस्तादनं माझं नुकसान करून तुला येळ द्यायचा म्हणजे काय? पोटात आग झाली माझ्या. आन् तेवढ्यात तूच ओरडलास. मला वाटलं, अल्लानंच तुझ्या तोंडून माझं काम केलं."

मी त्याच्यावर खवळलो. खोटं बोलतो म्हणालो. नोकरी मिळाल्यावर आता मोठेपणा दाखवायला आला म्हणालो. हबीब उठला, चपला घातल्या, म्हणाला, "उस्ताद जित्ता आहे. जाऊन विचार."

दोन दिवस मी स्वतःशी घासाघीस केली. तिसऱ्या दिवशी रोशन गेटाजवळच्या त्या गल्लीत गेलो.

दफेदार बाजेवर बसला होता. ऐंशी उलटलेली, मिशा विरळ झालेल्या, पण विंचरलेल्या. टांग्यातल्या त्या पहिल्या दिवसानंतर त्याला बसलेलं मी आत्ताच बघत होतो. मी नाव सांगितलं. त्यानं नातीला चहा टाकायला सांगितलं आणि पुढं म्हणाला, "दरवाजा खुला रखो."

मी सरळ विषयाला हात घातला. हबीब म्हणतो ते खरं का?

"हौ."

"मंग मला का नाय सांगितलं?" माझा आवाज चढला. पस्तीस वर्षांचा चढला. "दोन शब्द! 'थांब, तुझ्यासाठी करतोय' एवढं कानात बोलला असतात तर? माझी जिंदगी दुसरी झाली असती! त्याला सांगितलं, मला नाय!"

दफेदारानं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाला, "पंडत के हॉटेल में तूने पूछा था. गठडी में क्या है. कागज कायका है."

एवढी वर्षं मी समजत होतो की त्याला ठाऊक नाही.

"मी काही सांगितलं नव्हतं," मी म्हणालो. "नुसतं विचारलं हुतं."

"उस जमाने में पूछना ही बताना था, मियाँ."

नातीनं चहा आणून ठेवला. दोघांनीही उचलला नाही.

"मैं समझा, तेरेकू किसी ने मेरे पीछे लगाया," तो म्हणाला. "गिनता हर चीज. पानी तपासता. पीछे पीछे आता. ऐसे आदमी को कान में क्या बोलना?"

"कुनी नव्हतं लावलं. आईची आन."

"होगा," तो म्हणाला. मानलं असं नाही, नाकारलं असंही नाही.

"आन् तरीबी माझ्यासाठी भांडलात? शिपायांनी धरलं तुम्हाला."

"वो अलग. तू मेरा दौडनेवाला था."

मला माफी मागायची होती. खोटं कशाला बोलू, तोंडापर्यंत आली होती. पण तिच्याबरोबर दुसरंही काहीतरी वर येत होतं. तुम्हीही मला चोरच समजत होता ना, मग फिटंफाट झाली, असलं काहीतरी. दोन्ही एकदम बाहेर पडेनात. गार चहा एका दमात पिऊन उठलो.

तोही उठला. नातीचा हात बाजूला सारून, भिंतीला धरत धरत दारापर्यंत आला. मी खुदा हाफिज म्हणालो. त्यानं कपाळाला हात लावला.

गल्ली लांब आहे. अर्ध्यात गेल्यावर मी मागं बघितलं, तो चौकटीत उभा होता. वळणाजवळ पुन्हा बघितलं, तरी उभाच, एक हात चौकटीवर, मान थोडी तिरपी करून माझ्याकडं बघत. त्याच महिन्यात तो गेला, त्यामुळे ते त्याचं शेवटचं दर्शन. तो मला निरोप द्यायला उभा होता, की मी खरंच एकटा आलो होतो आणि एकटाच परत जातोय हे बघायला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.